व्याह्यांचं वाजलं

सांगलीच्या विश्रामबागेतल्या नव्या घराचं काम गिलाव्यापर्यंत आलं होतं. हॉलमध्ये कुठून कुठे पाइप टाकायचे ते सोमवारपर्यंत सांगा, नंतर भिंती फोडायची वेळ आली तर माझ्या नावाने ओरडू नका, असं वायरमनने बजावलं होतं. घर ज्यांचं, ते नवरा-बायको दोघंही नोकरीत अडकलेले. त्यांनी दीड लाखाचा आकडा ठरवला आणि बाकी सगळं दोन्हीकडच्या वडिलांवर सोपवलं. मुलाचे वडील सांगलीचे, बँकेतून निवृत्त झालेले, मिरजेच्या दर्ग्यातली संगीत सभा सहसा न चुकवणारे. मुलीचे वडील साताऱ्याचे, पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर, घरात पाच स्पीकर आणि एक सबवूफर बाळगून असलेले पक्के सिनेमावाले. सांगलीकर आणि सातारकर एवढी ओळख इथे पुरे.

“पाव्हणं, यात ठरवायचं काय?” सातारकरांनी भडंगाची ताटली पुढे ओढत सुरुवात केली. “समोर तीन, मागं दोन, कोपऱ्यात सबवूफर. छतात दोन पाइप जादा टाकू, म्हणजे पुढंमागं ॲटमॉस, डोक्यावरनं येणारा आवाज, करता येईल.”

“दीड लाखाचे सात वाटे घातले तर एकेकाच्या पदरात काय पडणार?” सांगलीकर म्हणाले. “त्यापेक्षा दोन खणखणीत स्पीकर घ्या, एक चांगला स्टिरिओ ॲम्प्लिफायर घ्या. माणसाला कान दोनच असतात.”

“कान दोन असले तरी मागनं हाक आली की मान मागंच वळते की!”

दोघांचंही खरं असल्यामुळे हा वाद या टप्प्यावर कधीच मिटत नाही. आवाज डाव्या आणि उजव्या कानाशी पोहोचताना वेळेत आणि जोरात जो बारीक फरक पडतो, त्यावरून मेंदू बाजू ओळखतो. पुढचं-मागचं ओळखायला कानाच्या पाळीची ठेवण मदत करते. समोरचे दोन स्पीकर डावं-उजवं फार सुंदर मांडतात, मागचं मात्र त्यांना नीट जमत नाही. गवई मागे बसत नाही आणि हेलिकॉप्टर मागून येतं, एवढाच काय तो झगडा.

स्टिरिओ म्हणजे गाण्याची सोय आणि सराउंड म्हणजे सिनेमाचा थाट, अशी सांगलीकरांची पक्की समजूत. इतिहास नेमका उलटा आहे. इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीतल्या ॲलन ब्लुमलाइन या इंजिनिअरने १९३१ मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याला खटकलं होतं ते थिएटरात: नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडून. नटाच्या मागे आवाज चालवायचा, या खटपटीतून दोन स्पीकरची ही मांडणी पुढे आली. उलट, प्रेक्षकांना स्पीकरनी वेढण्याचा पहिला मोठा घाट घातला गेला तो चक्क संगीतासाठी. डिस्नीच्या १९४० च्या ‘फँटेसिया’त स्टोकोव्स्कीच्या वाद्यवृंदासाठी निवडक थिएटरांमध्ये जास्तीचे स्पीकर बसवले होते. सातारकरांनी हे ऐकवल्यावर सांगलीकर म्हणाले, “बरं. मग आता माझ्या घरी चला. पुस्तकातलं राहू दे, कानाने ठरवू.”

सांगलीकरांच्या खोलीत मिरजेचा तानपुरा आहे. एकोणिसाव्या शतकात मिरजेत शिकलगारांच्या घराण्यांनी तंतुवाद्यं बनवायला घेतली, आणि तिथल्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यांच्याकडची परीक्षा साधी आहे. आधी तानपुरा स्वतः छेडायचा, मग त्याच तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण स्पीकरवर लावायचं आणि पाहुण्याला शेजारच्या खोलीत उभं करून विचारायचं, आता खरा कोणता? काळी एकच्या पट्टीत खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला लागते. जवारीमुळे तिच्यातून उठणारे वरचे स्वर मात्र काही हजार हर्ट्झपर्यंत चढत जातात. म्हणजे खालपासून वरपर्यंत स्पीकरची झाडाझडती एकाच वाद्यात होते, आणि मूळ आवाज कसा असतो तेही समोरच कळतं. हेलिकॉप्टरच्या बाबतीत ती सोय नाही.

सातारकर दोनदा फसले, तिसऱ्यांदा ओळखलं. मग तबला लागला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“पाव्हणं, डग्ग्याची एखादीच थाप घुमतीय. बाकीच्या थापा नीट आहेत.”

“कॉस्मिकचा जुना ॲम्प्लिफायर आहे. कपॅसिटर थकले असतील. वर्षानुवर्षं असंच आहे. म्हणून तर म्हणतो, पोरांना चांगलं घेऊन देऊ.”

सातारकरांनी ॲम्प्लिफायरकडे पाहिलंही नाही. खिशातून टेप काढून त्यांनी खोलीची लांबी मोजली: सोळा फूट, म्हणजे ४.८८ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर लांबीच्या दुपटीने भागून खोलीचा स्वतःचा पहिला सूर येतो ३५ हर्ट्झ आणि त्याच्या दुप्पट दुसरा, ७० हर्ट्झ. डग्ग्याची घसरती थाप सत्तरच्या आसपास आली की खोली तिच्यात आपला सूर मिसळते. समोरासमोरच्या भिंतींपाशी हा जोर सर्वांत जास्त असतो, आणि सांगलीकरांचा सोफा मागच्या भिंतीला चिकटून. दोघांनी मिळून सोफा अडीच फूट पुढे ओढला, स्पीकरही भिंतीपासून हातभर पुढे घेतले आणि तीच तबकडी पुन्हा लावली. डग्गा मोकळा झाला. ॲम्प्लिफायर तोच होता.

इथे खर्च शून्य रुपये झाला, हे नोंदवायला हवं. दुकानात वॉट, बिट आणि ब्रँड यांवर तासभर बोलणारे विक्रेतेही खोलीची मापं क्वचितच विचारतात. बारा बाय बाराचा चौकोनी हॉल असेल तर लांबीचा आणि रुंदीचा सूर एकच, ४७ हर्ट्झ, आणि दोन्ही मिळून तिथे दुप्पट गोंधळ घालतात. नवीन घर बांधताना हॉल चौकोनी न ठेवणं हा साउंड सिस्टिमचा पहिला सुटा भाग. विश्रामबागेतला हॉल सुदैवाने बारा बाय पंधरा निघाला.

पण सोफा हलवून जिंकलेले सातारकर तेवढ्यावर थांबले नाहीत. सांगलीकरांच्या कपाटातल्या अब्दुल करीम खाँ आणि बालगंधर्वांच्या संग्रहाकडे बोट दाखवून ते म्हणाले, “हे ऐकायला महागडे स्पीकर कशाला? ७८ च्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. १९२५ च्या आधी तर मायक्रोफोनच नव्हता, भोंग्यात तोंड घालून गायचं. साधारण अडीचशे ते अडीच हजार हर्ट्झ, एवढंच काय ते उतरायचं. त्यात ना खर्ज, ना टाळांची झळाळी. शिवाय सगळं मोनो. बालगंधर्वांना एक स्पीकर पुरतो!”

“पुरतो ना. पण दोन स्पीकर लावून मोनो ऐका. दोन्ही जुळे असतील आणि जागेवर असतील, तर आवाज दोघांच्या बरोबर मधोमध, हवेत उभा राहतो. जरा चूक झाली की तो पसरतो, नाहीतर एका बाजूला कलतो. नवं गाणं भपक्यात चुका झाकतं, जुनी तबकडी झाकत नाही.”

हा मुद्दा सांगलीकरांचा, आणि तो बिनतोड आहे. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण साधला की मधला स्पीकर नसतानाही मधून आवाज येतो. फक्त तो मधोमध बसलेल्यालाच येतो. सोफ्याच्या कडेला बसलेल्या बायकोला नट डाव्या स्पीकरमध्येच बोलताना ऐकू येतो. सिनेमात संवादासाठी वेगळा मधला स्पीकर लागतो तो याचसाठी. एकटा ऐकणार असेल तर दोन पुरतात, घरदार मिळून पाहणार असेल तर तिसरा हवा. पाच की दोन या भांडणात या तिसऱ्या स्पीकरचं महत्त्व दोघांनीही बोलून दाखवलं नव्हतं.

शनिवारी सांगलीकर साताऱ्याला गेले. सातारकरांचा हॉल झकपक आहे: गुळगुळीत फरशी, मोठ्या काचेच्या खिडक्या, भिंतींवर काहीही नाही. आधी ‘सैराट’ लागला. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतातला पाश्चात्त्य वाद्यवृंद हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत मुद्रित करून घेतला होता. वाद्यवृंद उसळला तेव्हा सांगलीकरांनी मान डोलावली. मग संवाद सुरू झाले आणि त्यांचं लक्ष पडद्याच्या खालच्या कडेकडे गेलं. मराठी सिनेमाला इंग्रजी सबटायटल्स चालू होती.

“हे कशाला?”

“आमच्या हिला बोललेलं कळत नाही,” सातारकर जरा ओशाळून म्हणाले. “संवाद कळावेत म्हणून आवाज वाढवला की मारामारीला शेजारी बेल वाजवतात.”

सांगलीकरांनी दोन्ही हातांनी एक टाळी वाजवली. टाळीनंतर हॉलभर किणकिणती झणझण उमटली आणि सावकाश विरली. “तुमच्या हॉलला गळा आहे, अंगरखा नाही. आमच्या भावे नाट्यमंदिरात खुर्च्यांत माणसं बसली की आवाज सुधारतो, तो का? कपडे, अंगं, सगळं आवाज पितं. इथे काय आहे प्यायला?” त्यांनी टीव्हीच्या कपाटाच्या खोल खणात ढकलून ठेवलेला मधला स्पीकर पुढे ओढून कडेला आणला, त्याचं तोंड बसणाऱ्याच्या कानाकडे किंचित वर केलं आणि विहीणबाईंकडून दोन जाड सतरंज्या मागून घेतल्या. एक फरशीवर, दुसरी काचेसमोर दोरीवर. रिसीव्हरच्या मेनूत मधल्या स्पीकरची पातळी तीन डेसिबलने वाढवली. विहीणबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून पाच मिनिटं ऐकलं आणि रिमोट घेऊन सबटायटल्स बंद केली.

सबवूफरचं काम मात्र सातारकरांनीच दाखवलं, आणि ते पाहण्यासारखं होतं. पेटी उचलून थेट सोफ्यावर, आपल्या नेहमीच्या जागी ठेवली. खालच्या सुरांची एक संथ तबकडी लावली आणि गुडघ्यांवर हात टेकत, मग सरळ रांगत, भिंतीच्या कडेकडेने निघाले. दर दोन फुटांवर थांबून ऐकायचं. कुठे आवाज फुगतो, कुठे गायब होतो, आणि कुठेतरी तो आटोपशीर, एकसारखा लागतो. ती जागा खडूने खुणावायची आणि पेटी तिथे ठेवायची. आवाज देणारा आणि घेणारा यांच्या जागांची अदलाबदल केली तरी खोलीचा परिणाम तोच राहतो, म्हणून ही उलटी युक्ती चालते. साठी ओलांडलेला निवृत्त इंजिनिअर दरवाजाजवळच्या कोपऱ्यात खडू घेऊन रांगतोय, हे दृश्य पाहून नातवाने तेवढ्यात घोडा-घोडा सुरू केला.

“पण ह्या डॉल्बीची गरज काय घरात?” सांगलीकरांनी विचारलं आणि सातारकर भडकले. साताऱ्यात डॉल्बी म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती मिरवणुकीतली स्पीकरची भिंत. २०१४ च्या विसर्जन मिरवणुकीत शहरात भिंत कोसळून तिघांचा जीव गेला, आवाजाच्या हादऱ्याने ती कोसळल्याचं सर्वत्र बोललं गेलं आणि त्यानंतर डॉल्बीमुक्त गणेशोत्सवाची मागणी आणखी जोरात झाली. “त्याचा ह्याच्याशी संबंध नाही,” ते म्हणाले. “सबवूफर जास्त जोराने वाजवायला नसतो, जास्त खाली जायला असतो. ८० हर्ट्झच्या खालचं ओझं त्यानं उचललं की बाकीचे स्पीकर मोकळे होतात. तुमचा खर्जसुद्धा!” खर्जाचं नाव निघाल्यावर सांगलीकर गप्प बसले. रहिवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे त्यांनी तरीही ऐकवलंच.

वॉटच्या प्रश्नावर दोघांचं लवकर जमलं. नव्वदच्या दशकात टू-इन-वनवर हजार-हजार वॉट पीएमपीओचे स्टिकर असायचे. त्या आकड्याला काही अर्थ नव्हता. सातारकरांनी कागदावर हिशेब मांडला. स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबल असेल, तर एका वॉटमध्ये एक मीटरवर तेवढा आवाज मिळतो. नऊ-दहा फुटांवर तो साधारण साडेनऊ डेसिबलने उतरतो, दोन स्पीकर असल्याने तीन परत मिळतात. म्हणजे एकेका वॉटमध्ये सोफ्यावर ऐंशीच्या आसपास, आणि माणूस बोलतो साठच्या घरात. ५० वॉटऐवजी १०० वॉट घेतले तर मिळतात फक्त तीन डेसिबल जास्त. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. थिएटरच्या मापाने एकेका स्पीकरचे सर्वांत मोठे ठोके १०५ डेसिबलपर्यंत जातात, पण तेवढं घरी कोण वाजवतो? रिसीव्हरच्या खोक्यावरचे वॉट बहुधा दोनच स्पीकर चालू ठेवून मोजलेले असतात, हेही त्यांनी खालच्या ओळीत लिहिलं.

आता पैशांची वाटणी. सांगलीकर पुन्हा मूळ मुद्द्यावर आले: निम्म्याहून जास्त रक्कम समोरच्या दोन स्पीकरवर. त्यांचं कारण कानांपेक्षा हिशेबाचं होतं. त्यांचा कॉस्मिक अजून वाजतो, कारण लाल-पांढरी पिन आजही तीच आहे. पण २००२ च्या सुमाराला एचडीएमआय आलं आणि त्याआधीचे रिसीव्हर टीव्हीच्या दृष्टीने मोडीत निघाले. मग फोर-के आलं, ईआर्क आलं, आणि दर वेळी मधला डबा बदलावा लागला. स्पीकरच्या शंकूभोवतीची कड रबराची असेल तर तो वीस-पंचवीस वर्षं सहज जातो. फोमची कड दमट हवेत आधीच झडते. म्हणून लवकर जुन्या होणाऱ्या वस्तूत कमी, टिकणाऱ्या वस्तूत जास्त पैसे घालायचे. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाचा हा सल्ला सातारकरांना खोडता आला नाही.

स्पीकरसाठी परदेशाकडेच बघायला हवं असंही नाही, असं सांगलीकर म्हणतात. कोलकात्याची सोनोडाइन १९७० पासून आहे. आणि वाई तालुक्यातल्या पसरणीचे उद्योजक बी. जी. शिर्के यांचे चिरंजीव अजय शिर्के यांच्या पुण्याच्या केडन्सने पातळ पडदा विजेच्या दाबाने हलवणारे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवले. “तुमच्याच जिल्ह्यातले की!” सांगलीकर म्हणाले. “किंमत आमच्या जिल्ह्यातली नाही,” सातारकरांनी उत्तर दिलं.

डब्याच्या, म्हणजे रिसीव्हरच्या, बाबतीत मात्र सांगलीकर हरले. सुनेने व्हिडिओ कॉलवर विचारलं, “मामा, नुसता स्टिरिओ ॲम्प्लिफायर घेतला तर मधला स्पीकर कशाला जोडायचा?” त्याला उत्तर नव्हतं. शिवाय यामाहाच्या रिसीव्हरमधलं वायपाओ किंवा डेनॉन-मरांट्झमधलं ऑडिसी मायक्रोफोन लावून खोली मोजतं आणि घुमणारे सूर दाबतं. सोफा अगदी हवा तिथे नेता येत नसेल तर तो उपाय हातचा असलेला बरा. तानपुऱ्यासाठी ‘डायरेक्ट’ बटण आहेच. सांगलीकरांनी एकच अट घातली: समोरच्या दोन स्पीकरसाठी प्री-आउट हवेत, म्हणजे जुना कॉस्मिक पुढेमागे मध्ये घालता येईल. आणखी एक टोला त्यांनी हाणला. नेटफ्लिक्सवरचा ॲटमॉस जास्तीत जास्त ७६८ किलोबिटने येतो, सगळे स्पीकर धरून. साधी सीडी नुसत्या दोन स्पीकरना १४११ देते. सातारकरांनी ‘ब्ल्यू-रे’ एवढंच पुटपुटून विषय सोडला.

सोमवारी वायरमनच्या हातात कागद पडला. समोर तीन, मागे दोन, छतात दोन अशा सात जागांना पाइप, सबवूफरसाठी दोन वेगळ्या कोपऱ्यांत लाइन आणि प्लग. स्पीकरला घरगुती वायरिंगचीच अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार. पाच मीटरच्या अंतराला जाऊन-येऊन तिचा रोध ०.०७५ ओहमही भरत नाही, आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य. टीव्हीकडच्या पाइपातून एचडीएमआयचं रुंद डोकं वळणासकट जायला हवं, म्हणून तो पाइप जाड आणि आत ओढायची दोरी सोडलेली. पक्कं अर्थिंग. सगळी यंत्रं वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, खाली काही नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, तेव्हापासून सांगलीत हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. खरेदी यंदा दोन स्पीकर, रिसीव्हर आणि मधला स्पीकर. सबवूफर दिवाळीच्या बोनसमधून. मागचे दोन कधी, यावर एकमत झालं नाही. कागदाच्या तळाशी सातारकरांनी लाल पेनने लिहिलं होतं: सोफा मागच्या भिंतीपासून अडीच फूट पुढे.

संध्याकाळी फोन आला. “पप्पा, अडीच फूट सोफा पुढे घेतला तर डायनिंग टेबल कुठे ठेवू? दीड फूट देते. मागे पुस्तकांचं कपाट करते, पण दीड फुटावर इंचभर मिळणार नाही.”

सातारकरांनी चष्मा चढवला आणि पुन्हा कॅल्क्युलेटर काढला.